वळवाचे ढग आणि गच्चीवरचं वाळवण

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा हवामान अंदाज अनेकदा एका वाक्यात आटोपतो : ‘आकाश अंशतः ढगाळ, दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस.’ गच्चीवर कुरडया वाळत घातल्या असतील, तर या वाक्याचं करायचं काय? संध्याकाळी हडपसरला पाऊस झोडपून काढतो, कोथरूडला थेंबही पडत नाही आणि कोथरूडकर म्हणतात, अंदाज चुकला.

तो चुकलेला नसतो. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना नेमका अर्थ आहे : त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे तुरळक पावसाच्या दिवशी बहुतेकांची घरं कोरडी राहणं हाच अंदाज असतो. ढगाळपणाचंही तसंच. आभाळाचे मनाने आठ भाग करायचे. त्यातले तीन-चार झाकलेले असतील तर ते ‘अंशतः ढगाळ’.

अंदाज जिल्ह्याचा असतो. आपल्या गच्चीवर पुढच्या दोन तासांत काय होईल, हे मात्र ढगांकडे पाहून बरंचसं ओळखता येतं.

ढगांना शास्त्रीय नावं दिली ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध व्यावसायिकाने, १८०२ साली. केसांच्या बटेसारखे ते सिरस, ढिगासारखे ते क्युम्युलस, थरासारखे ते स्ट्रेटस. मराठीत आपण त्यांना तंतुमेघ, राशिमेघ आणि स्तरमेघ म्हणतो. आज जगभर ढगांचे दहा मुख्य प्रकार मानले जातात, पण उन्हाळ्यात लक्ष ठेवायचं ते राशिमेघांवर. खूप उंचावरचे पांढरे तंतुमेघ बर्फाच्या कणांचे असतात. ते कितीही पसरले तरी त्यांचा पाऊस जमिनीपर्यंत पोहोचत नाही, वाळवण खुशाल राहू द्यावं.

राशिमेघ म्हणजे दुपारी दिसणारे कापसाच्या गाठोड्यांसारखे ढग. त्यांचा माथा ओबडधोबड असतो, पण तळ सपाट, आणि सगळ्यांचे तळ जवळपास एकाच उंचीवर. असं का? तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होत जाते. एका ठरावीक उंचीवर तिच्यातली वाफ पाण्याचे बारीक थेंब होऊ लागते. तोच ढगाचा तळ. ही उंची काढायचा एक सोपा हिशेब आहे : दुपारचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानापर्यंत थंड झाल्यावर हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला सव्वाशे मीटर. पारा ३८ वर आणि दवबिंदू १८ वर असेल, तर ढगाचा तळ साधारण अडीच किलोमीटरवर.

या ढगाला वर चढायला किती वाव मिळतो, यावर पुढचं सगळं अवलंबून. समुद्रावरून दमट हवा येत असेल आणि वरची हवा पुरेशी थंड असेल, तर तो फुलकोबीसारखा फुगत जातो. सकाळीच मधल्या उंचीवर किल्ल्याच्या बुरजांसारखे छोटे उंचवटे असलेले ढग रांगेत दिसले, तर वातावरण दुपारच्या वादळाला अनुकूल आहे असं समजावं. मी स्वतः अशा दिवशी वाळवण घालत नाही.

आता माथ्याकडे पाहा. फुलकोबीच्या कडा रेखीव आहेत तोवर तिथे पाण्याचे थेंब आहेत. त्या कडा पुसट, पिंजल्यासारख्या झाल्या की वर बर्फ तयार होतंय आणि राशिमेघाचा गर्जन्मेघ, म्हणजे क्युम्युलोनिंबस, झाला. तो बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि वरची वाट बंद झाली की लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. त्याच्या पोटात वर चढणारा वारा इतका जोरकस असतो की गोठलेले थेंब खाली पडण्याऐवजी तिथेच तरंगत राहतात आणि पाण्याची पुटं चढून मोठे होतात. त्याच गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने हाताशी आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबागा आडव्या केल्या, त्या याच प्रकारच्या ढगांनी.

पुण्यात पावसाळ्यातले ढग पश्चिमेकडून येतात, वळवाचे मात्र पुष्कळदा पूर्वेकडून. म्हणून मेमध्ये दुपारी तीननंतर पूर्वेच्या क्षितिजावर नजर टाकावी. तिकडे काळोखी दाटली आणि उकाड्यात अचानक गार वारा धूळ उडवत आला, तर तो ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेल्या थंड हवेचा लोट असतो. पाऊस मागोमाग येतोय. कुरडया गोळा करायला एवढाच वेळ.

गडगडाट ऐकू आला असेल, तर तोही नाही. वीज दिसल्यावर आवाज यायला तीन सेकंद लागले तर ती एक किलोमीटरवर पडली आणि पुढची कुठे पडेल हे सांगता येत नाही. शेतात असाल तर एकट्या झाडाचा आडोसा घेऊ नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. वाळवण भिजलं तर भिजू दे.