रंग गेला, पण पाणी शुद्ध झालं का?

शहापूर, वडगाव, खासबागेत माग चालतात, त्यामुळे बेळगावकरांना पक्का रंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उन्हात विटत नाही, धुण्यात जात नाही, तो पक्का. पण सूत रंगवताना धाग्याला न धरलेला रंग धुवणाच्या पाण्याबरोबर जातो, आणि तिथंही तितकाच चिवट राहतो. तो उन्हानंच मोडायचा, ही प्रकाश-उत्प्रेरकांची, म्हणजे प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांची, कल्पना.

यातला जुना भिडू टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्याच्या मदतीनं प्रकाशात पाण्याचं विघटन करून दाखवलं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उसळतो, मागं रिकामी जागा राहते. ती पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे भलतेच क्रियाशील अणुगट, बनवते आणि ही मूलकं रंगाच्या रेणूचे तुकडे पाडतात. मात्र ही उडी ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं माप), म्हणजे अतिनील किरणच हवेत. उन्हात ते जेमतेम ५ टक्के.

मग उडीच लहान करावी! टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून ते जमतं, हे २००१ मध्ये दिसलं. शिवारात टाकतो तो युरिया झाकणाच्या भांड्यात साधारण ५५० अंश सेल्सिअसला तापवला, तर कार्बन नायट्राइडची पिवळी भुकटी मिळते. तिची उडी २.७, त्यामुळे निळा प्रकाशही चालतो. पण भाताच्या खाचराचा बांध खाली केला, की पाणी सहज ओलांडतं, पलीकडं पडताना मात्र जोर राहत नाही. इथंही तसंच: उडी लहान, तर रंग मोडायचा जोरही कमी. शिवाय उसळलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काम न करताच रिकाम्या जागेत परततात. म्हणून आता दोन पदार्थांची जोडी लावतात: इलेक्ट्रॉन एकाकडं, रिकामी जागा दुसऱ्याकडं.

प्रयोगात बहुधा मिथिलीन ब्लू वापरतात. निळं पाणी बिनरंगी झालं की टाळ्या! मला ही कसोटी पुरेशी वाटत नाही. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, थोडा भुकटीलाही चिकटतो; श्रेय भुकटीला द्यायचं कशावरून? फिनॉलसारखा बिनरंगी प्रदूषक घ्यावा, आणि रंग गेला तरी रेणूचे बिनरंगी तुकडे पाण्यात राहू शकतात, म्हणून शेवटी पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला ते मोजावं.

त्यात प्रयोगशाळेतलं पाणी बहुधा ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून क्षार काढलेलं. सुती धागा रंगवताना हौदात भरपूर मीठ आणि धुण्याचा सोडा पडतो. त्यांतले क्लोराइड, कार्बोनेट ती मूलकं रंगाआधी स्वतःच गिळतात.