फर्न म्हणून आणलेली शतावरीची बहीण

दादरच्या फुलबाजारात गुलाबांच्या गुच्छाभोवती जी धुक्यासारखी विरळ, हिरवी पालवी बांधतात, तिला सगळे फर्न म्हणतात. तिच्या जातकुळीतली कुंडीतली झाडंही नर्सरीत ‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ म्हणूनच मिळतात. मीही तसंच एक आणलं आणि फर्नसारखंच, म्हणजे नेच्यासारखं, वाढवलं. बाथरूमच्या खिडकीतली सावली, कुंडीखालच्या बशीत कायम पाणी. जुलै सरता सरता ते पिवळं पडलं. कुंडी उलटी केली तर कुजका वास आला, आणि मुळांवरच्या शेंगदाण्याएवढ्या गाठी चिमटीत धरताच पचकन फुटायला लागल्या.

या गाठी म्हणजे झाडाच्या पाण्याच्या टाक्या. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. पावसाने ओढ दिली की साठवलेल्या पाण्यावर ते तग धरतं. आपल्या सह्याद्रीतली औषधी शतावरी त्याची सख्खी बहीण. मुळांच्या झुबक्यावरूनच तिला शतमुळी म्हणतात. ज्याच्याकडे स्वतःचा साठा आहे, त्याला मी दोन महिने पाण्यात उभं केलं होतं.

एक फांदी उजेडात धरून भिंगातून पाहा. ज्यांना आपण पानं समजतो, त्या हिरव्या सुया खरं तर बारीक फांद्या आहेत. वनस्पतिशास्त्रात त्यांना क्लॅडोड म्हणतात. अन्न तयार करायचं काम त्याच करतात. खरं पान सुयांच्या बुडाशी असतं, कोरडं, तपकिरी, खवल्याएवढं. जाड फांदीवर त्याचाच काटा होतो आणि छाटताना बोटात घुसतो.

नेच्याचं सगळंच वेगळं. त्याला फूल नाही, बी नाही. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून बीजाणू उडतात, आणि पुढच्या पिढीसाठी नरपेशीला पाण्याच्या पातळ थरातून पोहत जावं लागतं. म्हणूनच पावसाळ्यात जुन्या चाळींच्या ओल्या भिंतींवर, गळक्या पाइपांच्या सांध्यांपाशी नेचे आपोआप उगवतात. आपल्या झाडाला मात्र इवलीशी पांढरी फुलं येतात आणि नंतर लाल फळं धरतात.

एवढं कळलं की निगा सोपी होते. सकाळचं ऊन येणारी पूर्वेची खिडकी उत्तम. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात सुया करपतात, गडद सावलीत पिवळ्या पडून झडतात. नुसती लाल माती मुंबईच्या पावसात चिकट होऊन बसते. तिच्यात जाड वाळू आणि गांडूळखत मिसळावं. मातीत बोट दोन पेरं खुपसावं आणि कोरडं लागलं तरच पाणी घालावं. जून ते सप्टेंबर मुंबईत 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा कुंडी छज्जाखाली सरकवावी आणि बशी काढून टाकावी.

दोन-तीन वर्षांत मुळं इतकी फुगतात की प्लॅस्टिकची कुंडी पोट काढते. मग धारदार सुरीने गड्डा उभा चिरावा. प्रत्येक तुकड्यावर कोंब हवेतच. नुसत्या गाठी लावून काही उगवत नाही. फळं मांजर-कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, उलट्या होतात. छाटलेल्या फांद्या जंगलाच्या कडेलाही टाकू नका. पक्षी फळं खाऊन बिया दूरवर नेतात, आणि ऑस्ट्रेलियात अन् फ्लोरिडात हे झाड अशाच वाटेने रानात घुसून तण होऊन बसलं आहे.

माझ्या झाडाचा कुजका भाग कापल्यावर मुठीएवढा गड्डा उरला होता. तो दोन दिवस वाऱ्यावर सुकवला, जेमतेम ओलसर मातीत लावला आणि आठवडाभर पाण्याचा थेंब दिला नाही. गणपतीच्या दिवसांत मातीतून एक जांभळट कोंब वर आला. पेन्सिलीहून बारीक, टोकाशी खवले घट्ट मिटलेले. भाजीवाल्याकडच्या अ‍ॅस्परॅगसच्या जुडीतली एखादी काडीच जणू.