पी०२९९ म्हणजे टर्बो गेला, हा गैरसमज

घरच्या घरी दुरुस्ती केल्यावर गाडीची ओढ कमी झाली आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०२९९ हा कोड दिसला, की टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, निकामी झाला असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हा कोड एवढेच सांगतो की इंजिनात शिरणाऱ्या हवेचा मोजलेला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. दाब कुठे हरवला, हे तो सांगत नाही. त्यामुळे नुकताच हात लागलेला प्रत्येक जोड आधी तपासावा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपावरची आवळपट्टी सैल राहिली, तर अनेक गाड्यांत हवा मोजणाऱ्या सेन्सरने आधीच मोजलेली हवा वाटेतच निसटते, पेट्रोल मात्र त्या मोजमापानुसारच पडते आणि काळा धूर येतो. वेस्टगेटला (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेला) जाणारी बारीक नळी जोडायची राहिली, तर काही गाड्यांत दाब तयारच होत नाही. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नये, तो बहुधा क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाच्या) वाफांचा असतो. टर्बोचा दांडा आडवा किंचित हलणेही स्वाभाविक आहे, कारण तो सहसा तेलाच्या थरावर फिरतो. पाती कवचाला घासल्याच्या खुणा असतील किंवा दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर मात्र टर्बोवर संशय घ्यावा.