नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही

मुद्रांकावर दोघांनी सह्या केल्या आणि नोटरीचा शिक्का घेतला की घटस्फोट झाला, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या पती-पत्नीचा घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. रूढीनुसार होणारा घटस्फोट कलम २९ ने अबाधित ठेवला आहे खरा, परंतु ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते आणि ते मुळीच सोपे नसते.

दोघेही राजी असल्यास, किमान एक वर्ष विभक्त राहिल्यानंतर, कलम १३-ब खाली संयुक्त अर्ज करता येतो. त्यानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

शिक्क्याच्या कागदावर विसंबून केलेला दुसरा विवाह शून्य ठरतोच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांच्या ताब्याविषयी त्या कागदात काहीही लिहिले असले, तरी न्यायालय आधी मुलांचे हित पाहते. मात्र असा कागद फाडून टाकण्याची गरज नाही. दागिने, रक्कम, भेटीच्या वेळा यांविषयी ठरलेल्या गोष्टी संयुक्त अर्जातील अटींचा मसुदा म्हणून उपयोगी पडतात.