गळा तोच, मग १९६७ मध्ये बदललं काय? अरिथा फ्रँकलिनच्या आवाजाची पार्श्वभूमी

अमेरिकन सोल गायिका अरिथा फ्रँकलिनचं नाव निघालं की ‘देवाची देणगी’ हे शब्द फार लवकर येतात आणि चर्चा तिथेच संपते. देणगी होतीच, वाद नाही. पण तिच्या कारकिर्दीत एक अडचणीचा तुकडा आहे, जो या शब्दांनी सुटत नाही. १९६० ते १९६६ ती कोलंबिया रेकॉर्ड्स या बलाढ्य कंपनीत होती. आवाज तोच, पियानोवरचे हात तेच. तरी एवढ्या वर्षांत तिचं एकच गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या चाळिसात शिरलं, तेही ३७व्या क्रमांकापर्यंत. मग १९६७च्या जानेवारीत ती अलाबामातल्या एका छोट्या स्टुडिओत एक दिवस गायली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये यादीच्या शिखरावर होती. हा फरक कशाने पडला हे समजायचं तर मागे, चर्चपर्यंत जावं लागतं.

तिचा जन्म २५ मार्च १९४२चा, मेम्फिसमधला. वाढली मात्र डेट्रॉइटमध्ये. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चचे पास्टर. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघत आणि देशभर विकल्या जात. कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्चमधल्या या प्रवचनाला एक ठरलेली चढण असते. सुरुवात साध्या बोलण्याने, जवळजवळ कंटाळवाणी. हळूहळू वाक्यं आखूड होतात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वासाचा ठोका पडू लागतो, ऑर्गनवाला मधल्या जागा भरतो, समोरची मंडळी ओळ झेलून परत फेकतात; आणि शेवटी प्रवचनकार एका पक्क्या सुरावर स्थिरावून चक्क गात असतो. कीर्तनात निरूपणातून अभंगात कधी शिरलो ते कळू नये, तसं. तिकडे याला ‘हूपिंग’ म्हणतात आणि सी. एल. फ्रँकलिन त्यातले नामांकित उस्ताद होते. अरिथाच्या मोठ्या गाण्यांचा आराखडा हाच आहे: खाली सुरुवात, मधे उत्तरं, शेवटी एकाच ओळीवर घोळत वर चढत जाणं.

घरात राबता होता तोही अशाच लोकांचा. गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, गाणाऱ्या क्लारा वॉर्ड यायच्या. जेम्स क्लीव्हलंड, ज्यांनी पुढे गॉस्पेल गायकवृंदाची रीतच बदलली, ते तरुणपणी न्यू बेथेलमध्ये काम करत आणि पियानोवर स्वरसमूह कसे लावायचे ते या मुलीला दाखवत. घरी शिकवायला बाई ठेवल्या होत्या, पण त्या आल्या की अरिथा लपून बसे. नोटेशनच्या वाटेला ती गेली नाही. सगळं कानाने उचललं. १९५६ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिची गॉस्पेल गाणी चर्चमध्येच ध्वनिमुद्रित झाली. ती आजही मिळतात आणि ऐकावीतच. आवाज कोवळा आहे, पण फेक, थांबण्याच्या जागा, लोकांच्या प्रतिसादावर ओळ पुन्हा घेण्याची हिंमत, सगळं तयार आहे. म्हणजे १९६७च्या आधी निदान अकरा वर्षं माल गोदामात पडून होता.

आता कोलंबिया. तिला तिथे आणणारे निर्माते जॉन हॅमंड हे काही अरसिक गृहस्थ नव्हते; जॅझ गायिका बिली हॉलिडेला पहिल्यांदा रेकॉर्डवर आणणारा हा माणूस. सुरुवातीची ध्वनिमुद्रणं लहान जॅझ संचाबरोबर झाली आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत दोन गाणी पहिल्या दहातही गेली. पुढे निर्माते बदलत गेले, आणि तिच्याभोवती ब्रॉडवेच्या संगीतनाटकांतली गाणी, जॅझमधली मुरलेली गाणी, व्हायोलिनांचे ताफे जमा झाले. हे सगळं टाकाऊ आहे असं म्हणणारे बहुधा ऐकत नाहीत. गायिका डायना वॉशिंग्टनच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये तिने केलेला अल्बम कुठल्याही गायिकेला भूषण वाटावा असा आहे.

चूक होती ती कामाच्या क्रमात. मोठ्या वाद्यवृंदाबरोबर काम करताना संयोजक आधी स्वरलेखन करतो. पट्टी, गती, सुरुवातीचे आणि मधले तुकडे कागदावर पक्के होतात. गायिका त्या चौकटीत येऊन गाते. काही गाण्यांत अरिथाने पियानो वाजवलाही, पण गाण्याचा पाया त्या पियानोवर नव्हता. याचे दोन परिणाम होतात. एक, गती हलत नाही: ओळीच्या टोकाशी रेंगाळावंसं वाटलं तरी चाळीस माणसं रेंगाळू शकत नाहीत. दुसरा जास्त महत्त्वाचा. दोन ओळींच्या मधली जी जागा चर्चमध्ये समोरच्या लोकांच्या उत्तरासाठी मोकळी असते, ती इथे व्हायोलिनांनी आधीच भरलेली असे. ती हाक देत होती, पण उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं.

करार संपल्यावर १९६६ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला घेतलं आणि २४ जानेवारी १९६७ रोजी अलाबामातल्या मसल शोल्सला, रिक हॉल यांच्या फेम स्टुडिओत नेलं. वादक सगळे गोरे, दक्षिणेतले, बहुतेक विशीतले: ढोलांवर रॉजर हॉकिन्स, बेसवर टॉमी कॉगबिल, गिटारवर चिप्स मोमन आणि जिमी जॉन्सन, कळफलकावर स्पूनर ओल्डहॅम. समोर स्वरलेखन नव्हतं. रॉनी शॅनन यांचं ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ हे संथ, तीनाच्या वजनात झुलणारं गाणं घेतलं, पण बराच वेळ ते उभंच राहीना. मग ओल्डहॅमना वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटी, अडखळत चालल्यासारखी सुरावट सापडली. तिच्यावर अरिथाने आपला पियानो टाकला आणि बाकीचे पाठोपाठ आले. तिच्या डाव्या हाताचा ठेका बेस आणि ढोल झेलत होते. म्हणजे गती ठरवणारी आणि गाणारी व्यक्ती एकच झाली. माझ्या मते सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

स्वतः वाजवत गाण्याचा फायदा आणि अडचण दोन्ही समजून घ्यावं. वरच्या सुराला श्वास लांबवायचा असेल तर हातच आपोआप थांबतो, साथीला खूण करावी लागत नाही. पण पियानोच्या मायक्रोफोनमध्ये आवाज आणि आवाजाच्या मायक्रोफोनमध्ये पियानो शिरतो, त्यामुळे नंतर फक्त गळा दुरुस्त करता येत नाही. सगळं एकदम जमावं लागतं. कच्च्या गायकाला ही पद्धत महागात पडते.

त्या दिवसाचा शेवट मात्र वाईट झाला. स्टुडिओत दारू चालू होती. अरिथाचा नवरा आणि व्यवस्थापक टेड व्हाइट यांची एका वादकाशी बाचाबाची झाली आणि रात्री मोटेलवर रिक हॉल यांच्याशी भांडण पेटलं. दुसऱ्या दिवशी अरिथा आणि टेड निघून गेले. हाती एक पुरं गाणं आणि दुसऱ्याचा कच्चा ठेका. वेक्सलर यांनी पुऱ्या गाण्याच्या प्रती रेडिओवाल्यांना दिल्या, मागणी उसळली, पण तबकडीची दुसरी बाजू रिकामी! पुढे अरिथा न्यूयॉर्कला आली, अर्धवट गाण्यावर पियानो आणि ऑर्गन स्वतः वाजवला, बहिणींना घेऊन कोरस भरला आणि तबकडी बाजारात गेली. आर अँड बी यादीत पहिला क्रमांक, पॉपमध्ये नववा.

१४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कमध्ये ‘रिस्पेक्ट’ ध्वनिमुद्रित झालं. मूळ गाणं गायक ओटिस रेडिंगचं, १९६५चं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतो. अरिथाने शब्द थोडेच बदलले, बांधणी मात्र उलटी केली. ‘R-E-S-P-E-C-T’ अशी अक्षरं एकेक करून म्हणण्याची जागा मूळ गाण्यात नाही, ती तिची. बहीण कॅरोलिन आणि इतर गायिकांचा कोरस नुसता दुजोरा देत नाही, चिमटे काढतो. म्हणजे कोलंबियात हरवलेलं ‘उत्तर’ इथे परत आलं. ओटिसच्या गाण्यात मधला वेगळा खंडही नव्हता. किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनसाठी तो नव्याने घातला आणि त्याचे स्वरसमूह सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातून उचलले. गाणं सी पट्टीत चाललेलं असताना हा तुकडा एफ शार्प मायनरवर उडी घेतो. आपल्या भाषेत सा सोडून थेट तीव्र मध्यमावर नवं बिऱ्हाड. कान दचकतो, आणि परत सी लागल्यावर मुखडा दुप्पट जोराचा वाटतो.

व्यवहाराचीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला जातं, गायकाला नाही. त्यामुळे ‘रिस्पेक्ट’ इतक्या वर्षांत रेडिओवर जितक्या वेळा लागलं, त्याचे पैसे रेडिंगच्या बाजूला गेले. ज्या बदलांमुळे जग ते गाणं ओळखतं, त्यांची नोंद श्रेयनामावलीत नाही.

तिची नक्कल करणारे चुकतात कुठे, तेही यावरून दिसतं. टीव्हीवरच्या स्पर्धांत तिची गाणी घेणारी मुलं पहिल्याच ओळीत एका अक्षरावर दहा-बारा स्वरांच्या हरकती घेतात. अरिथा पहिलं कडवं बहुतेक वेळा सरळ म्हणते, एखाद्या शब्दाला हलका वळसा देऊन. हरकत येते ती अर्थाचा भार ज्या शब्दावर आहे तिथे. आणि लय: ती ठोक्याच्या किंचित मागे बसते, पण ओळीचा शेवट बरोबर गाठते. सुरुवातीलाच सगळं उधळलं की पुढे चढायला जागा राहत नाही, मग नुसता आवाज मोठा होतो.

या शिस्तीचा सर्वात स्वच्छ पुरावा १९७२चा. १३ आणि १४ जानेवारीला लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बाप्टिस्ट चर्चमध्ये तिने दोन रात्री गॉस्पेल गायलं. सोबत तेच जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांचा सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर. ढोलांवर बर्नार्ड पर्डी, बेसवर चक रेनी, गिटारवर कॉर्नेल डुप्री. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जुनं स्तोत्र ती दहा मिनिटांहून अधिक गाते, ठेक्याशिवाय, आणि एकेका ओळीनंतर चर्च उसळतं. अमेरिकेत या दोन रात्रींच्या अल्बमच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या.

त्या दोन रात्रींचं चित्रीकरण चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी केलं आणि तिथे एक ढोबळ चूक झाली. कॅमेरे अनेक होते, पण क्लॅपबोर्ड वापरला गेला नाही. चित्र एका फितीवर, आवाज दुसऱ्या; दोन्ही जुळवायला प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ती टाळीची खूण लागते. ती नसल्यामुळे तासन् तासांच्या रिळांतला कुठला ओठ कुठल्या ओळीचा हे लावता येईना आणि काम अडकून पडलं. पुढे संगणकाच्या मदतीने निर्माते ॲलन एलियट यांनी ते जुळवलं. तर अरिथानेच प्रदर्शनाविरुद्ध कोर्टात धाव घेतली. १६ ऑगस्ट २०१८ला ती गेली आणि चित्रपट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांसमोर आला.

मधल्या काळातलं थोडक्यात. १९६८पासून सलग आठ वर्षं आर अँड बी गायिकेचं ग्रॅमी तिच्याकडेच. एकूण ग्रॅमी अठरा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी उतरण, १९८०पासून अरिस्टा कंपनीत दुसरी खेळी. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली स्त्री. १९९८च्या ग्रॅमी सोहळ्यात ऑपेरा गायक पावारोत्तींचा घसा बसला, तेव्हा जेमतेम अर्ध्या तासाच्या सूचनेवर तिने त्यांच्या जागी ‘नेस्सुन दोर्मा’ हे ऑपेरातलं गाणं गायलं. वाद्यवृंदाने त्यांच्यासाठी बसवलेली पट्टी बदलायला वेळ नव्हता, म्हणून पुरुषाच्या पट्टीतच. दोनच दिवस आधी एका कार्यक्रमात तिने तेच गायलं होतं, ही बाजू सांगताना बहुतेक जण गाळतात.

ज्यांना हे स्वतःच्या कानाने तपासायचंय त्यांच्यासाठी एक सोय आहे. ‘टुडे आय सिंग द ब्लूज’ हे गाणं तिने १९६० मध्ये कोलंबियासाठी गायलं आणि पुन्हा अटलांटिकसाठी, १९६९च्या ‘सोल ’६९’ या अल्बमवर. गंमत अशी की दुसऱ्या खेपेचा संच पक्का जॅझचा आहे: बेसवर रॉन कार्टर, गिटारवर केनी बरेल, अरिफ मार्दिन यांनी लिहिलेले पितळी वाद्यांचे तुकडे. म्हणजे कोलंबियातलं बिनसलेलं काम जॅझमुळे बिनसलं नव्हतं. १९६९ मध्ये ब्रास तिची ओळ संपेपर्यंत थांबतं.