फोनला दारू मोजता येत नाही, बेत मात्र बदलता येतो

पिण्यावर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅपबद्दल एक गोड गैरसमज आहे: रक्तात किती अल्कोहोल चढलंय ते फोनला कळतं, आणि थांबायची वेळ झाली की तो सांगेल. फोनला यातलं काहीही कळत नाही. तुम्ही भरलेले चार आकडे त्याच्याकडे असतात: वजन, लिंग, किती प्यालात आणि कधी सुरू केलंत. त्यापुढे चालतं ते निव्वळ गणित, आणि तेही एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेलं.

अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत जवळजवळ शिरत नाही. म्हणून प्यालेल्या अल्कोहोलच्या ग्रॅमना नुसत्या वजनाने नव्हे, तर वजन गुणिले एका गुणकाने भागायचं. पुरुषांसाठी हा गुणक साधारण ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५. ७० किलोच्या पुरुषाने ४० ग्रॅम अल्कोहोल घेतलं, तर ४० भागिले ४७.६ (७० गुणिले ०.६८) म्हणजे किलोमागे ०.८४ ग्रॅम, शेकड्यात ०.०८४. तेवढंच अल्कोहोल ५५ किलोच्या स्त्रीने घेतलं, तर शेकड्यात ०.१३२. टेबल तेच, ग्लास तितकेच, आकडा दीडपटीहून जास्त. शरीरात चरबीचं प्रमाण अधिक असेल, तर फक्त वजन विचारणारं अ‍ॅप आकडा कमी दाखवतं, कारण चरबीचे किलोही ते पाण्याच्या हिशेबात धरतं.

आता वजाबाकी. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) थोड्याशा अल्कोहोलनेच पूर्ण कामाला लागतं. त्यानंतर रक्तात कितीही वाढलं, तरी निचऱ्याचा वेग जवळपास तोच राहतो: खिडकी एक, रांग कितीही लांब. हा वेग तासाला सुमारे ०.०१५, आणि माणसामाणसांत ०.०१० ते ०.०२५ असा बदलतो. अ‍ॅप बहुधा मधला आकडा धरतं, तुमचं यकृत त्या मधल्या आकड्यात बसतं की नाही हे त्याला ठाऊक नसतं. आणि हो, काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही ही रांग पुढे सरकत नाही. कॉफीने झोप उडते, नशा तशीच राहते. ‘रात्रीत दारू उतरवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातीही याच पंगतीतल्या.

सगळ्यात मोठी गफलत वेळेची. अल्कोहोल जठरातून हळू शोषलं जातं, लहान आतड्यातून झपाट्याने. पोटात अन्न असेल, तर जठराचं खालचं दार उशिरा उघडतं. त्यामुळे शेवटच्या घोटानंतर रक्तातला कळस यायला साधारण ३० ते ९० मिनिटं लागतात. दहा वाजता तिसरा ग्लास संपवून लगेच अ‍ॅप किंवा श्वास-मापक (फुंकर मारून श्वासातली दारू मोजणारं उपकरण) पाहिलं, की आकडा बरा दिसतो. पण जठरातला माल अजून वाटेतच असतो. त्या ‘बऱ्या’ आकड्याच्या भरवशावर घेतलेला चौथा ग्लास तिसऱ्याच्या लाटेवर चढतो. त्यात चढत्या टप्प्यावर दारू तरतरी देते आणि उतरत्या टप्प्यावर सुस्ती. म्हणजे ‘मी ठीक आहे’ असं सगळ्यात ठामपणे वाटतं, ते नेमकं आकडा वर जात असताना.

फोनला जोडायच्या श्वास-मापकांचंही थोडक्यात. इंधन-घट (फ्युएल सेल) असलेल्या उपकरणात प्लॅटिनमवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन वीज तयार होते आणि तिच्यावरून प्रमाण काढतात. हे बऱ्यापैकी विश्वासाचं. स्वस्त उपकरणांतला अर्धवाहक (सेमीकंडक्टर) संवेदक इतर वाफांनाही भुलतो आणि कालांतराने त्याचा आकडा सरकतो. घोट घेतल्यावर १५ मिनिटांच्या आत फुंकलं, तर तोंडात राहिलेली दारूच मोजली जाते.

मग अ‍ॅप कुचकामी? नाही, पण कोणतं अ‍ॅप, यावर सगळं अवलंबून आहे. स्वीडनमध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तातला अंदाजे आकडा दाखवणारं अ‍ॅप मिळालेल्या मुलांचं पिण्याचं प्रमाण घटण्याऐवजी पिण्याचे प्रसंग वाढले. आश्चर्य वाटण्यासारखं यात फार नाही. स्पर्धेत रमणाऱ्या चारचौघांच्या हाती गुणफलक दिला, की ते गुण वाढवणारच.

याउलट २०२३ साली प्रसिद्ध झालेली स्वित्झर्लंडमधली चाचणी. धोकादायक पद्धतीने पिणारे १,७७० विद्यार्थी, वर्षभराचा पाठपुरावा. या अ‍ॅपमध्येही आकडा काढायची सोय होती. पण सोबत स्वतःच्या पिण्याची इतरांशी तुलना, ठरवलेली मर्यादा, रोजची नोंद, घरी गाडी कोण चालवणार याची निवड आणि माहितीची पानं होती. अ‍ॅप मिळालेल्या गटात एकूण पिणं आणि अति पिण्याचे दिवस, दोन्ही सुमारे दहा टक्क्यांनी कमी निघाले. दारूपायी होणाऱ्या त्रासांत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. जाहिरातीत शोभेल असा हा निकाल नव्हे, पण फुकट आणि बिनडॉक्टरच्या साधनाकडून दहा टक्के हे कमी नाही.

माझ्या मते सर्वांत शहाणी रचना साध्या संदेशांची आहे. अमेरिकेत तातडीच्या उपचार विभागात आलेल्या १८ ते २५ वयाच्या ७६५ तरुणांवरच्या चाचणीत एका गटाला १२ आठवडे मोबाइलवर संदेश गेले. गुरुवारी प्रश्न: या शनिवार-रविवारी पिण्याचा बेत आहे का? उत्तर जोखमीचं असेल, तर पुढचा प्रश्न: मर्यादा पाळायला तयार आहात? रविवारी हिशेब. या गटाचे अति पिण्याचे दिवस घटले. ज्यांना नुसते प्रश्न गेले आणि प्रतिसाद काहीच मिळाला नाही, त्यांचे घटले नाहीत. गुरुवारी डोकं थाऱ्यावर असतं, सारं इंगित तिथेच आहे.

हेच घरच्या घरी उभं करता येतं. आधी ग्लास ग्रॅममध्ये आणा: मिलिलिटर गुणिले मद्यार्काची टक्केवारी भागिले १००, गुणिले ०.७८९. पाच टक्क्यांची ५०० मिलि बिअर म्हणजे १९.७ ग्रॅम, ४० टक्क्यांची ६० मिलि दारू १८.९. आठ टक्क्यांची तीच ५०० मिलि बिअर मात्र ३१.६, आणि लोक तिला ‘एक बिअर’ म्हणून मोजतात! अ‍ॅपचं एकक तपासा. ब्रिटनमध्ये एक एकक ८ ग्रॅमचं, अमेरिकेत १४ ग्रॅमचं. ब्रिटिशांची आठवड्याला १४ एककांची मर्यादा म्हणजे ११२ ग्रॅम. ती अमेरिकी अ‍ॅपमध्ये तशीच टाकली, तर १९६ होते आणि अ‍ॅप हिरवा दिवा दाखवत राहतं.

नोंद घोटाआधी करा. दुसऱ्या दिवशी आठवून भरलेल्या नोंदीत काही ग्लास बहुधा गळतात. नोंदीला फार टिचक्या लागत असतील, तर ती लवकरच बंद पडते. मर्यादा ‘कमी पिईन’ अशी लिहू नका. ‘दुसरा ग्लास संपला की सोडा मागवीन, साडेअकराला निघेन’ असं वाक्य लिहा आणि ते सातच्या सूचनेत टाका. अकराची सूचना कोणी वाचत नाही. अ‍ॅपने संपर्कयादी किंवा ठिकाण मागितलं, तर नकार द्या. हिशेबाला त्याची गरज नसते.

सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, एक घोट घेतला की बरं वाटतं, अशी अवस्था असेल, तर हे साधन तुमच्यासाठी नाही. अशा माणसाने एकाएकी दारू तोडली, तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

विडमार्कचं गणित टेबलावर दगा देतं, पण सकाळसाठी कामाचं आहे. ५५ किलोच्या स्त्रीने रात्री नऊला सुरुवात करून ४० टक्क्यांच्या दारूचे ६० मिलिचे तीन ग्लास घेतले, तर ५७ ग्रॅम, म्हणजे ०.१८८. तासाला ०.०१५ ने शून्यावर यायला साडेबारा तास. गाडीची किल्ली सकाळी साडेनऊनंतर, आणि निचऱ्याचा वेग मंद असेल तर दुपारनंतरच.