डिस्टोपिया म्हणजे उद्ध्वस्त जग नव्हे

‘जगाचा विनाश झाल्यानंतरची कथा म्हणजे डिस्टोपिया’ हे वाक्य वाचनाच्या याद्यांसोबत वर्षानुवर्षं फिरतंय. तसा समज होणं स्वाभाविक आहे, कारण अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अनेकदा पडक्या इमारतीच असतात. पण डिस्टोपियात, म्हणजे जुलमी सत्तेखालच्या काल्पनिक समाजाच्या कथेत, व्यवस्था कोसळलेली नसते. उलट ती फार चोख चालू असते आणि भीती तिथूनच येते.

१९४९ साली आलेली ‘१९८४’ ही कादंबरी घ्या. तिचा नायक सरकारी खात्यात नोकरी करतो. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सत्ताधारी पक्षाच्या सोयीने बदलायचा आणि नको ते कागद भट्टीकडे जाणाऱ्या फटीत टाकायचे, हे त्याचं रोजचं काम. घरातल्या, पाळत ठेवणाऱ्या टीव्हीसारख्या पडद्याचा आवाज कमी करता येतो, पण तो पूर्ण बंद करता येत नाही. कचेऱ्या, हजेरी, शिधा, सगळं सुरू आहे. १९२४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या एका रशियन कादंबरीत तर घरांच्या भिंतीच काचेच्या आहेत आणि पडदे सोडायलाही परवानगी लागते.

हे पडताळायचं कसं? पात्रांना त्रास कशाचा होतोय ते पाहा: नियम उरले नाहीत याचा, की नियमांचाच? अन्नपाणी शोधत भटकणं हाच मुख्य संघर्ष असेल, तर ती विनाशोत्तर कथा. पाळत, बदललेला इतिहास, ‘हे तुमच्याच भल्यासाठी’ म्हणणारी सत्ता आणि तिच्यावर शंका घेऊ लागलेलं एखादं पात्र दिसलं, तर तो बहुधा डिस्टोपिया. काही कथांत दोन्ही असतं. विनाश मागे घडून गेलेला आणि त्यातून उभी राहिलेली जुलमी राजवट समोर. तिथे कथेचा रोख त्या राजवटीवर असेल, तर तिला डिस्टोपियाच म्हणावं.